बिडी सोडल्यावरचे पहिले दिवस

सभासद बंधू-भगिनींनो,

या पत्रिकेत मी दरवेळी बेणे, लागण, खोडवा आणि खत यांविषयी लिहितो. या खेपेला विषय वेगळा आहे. पण त्याची सुरुवात उसाच्या धुऱ्यावरच झाली, म्हणून आपल्यापुढे मांडतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पौष महिना होता आणि गाळप ऐन भरात होते. कोरपना गटातल्या एका सभासदाच्या वावरात खोडवा पाहायला गेलो होतो. ऊस तुटून पंधरा दिवस झाले होते. माझ्याच सांगण्यावरून त्यांनी पाचट न जाळता सरीत पसरवले होते. मी धुऱ्यावर उभा राहून पाचटाचे फायदे पुन्हा एकदा समजावून सांगितले, सांगता सांगता बिडी ओढली, थोटूक टाकले आणि विहिरीकडे निघालो. थोटूक चपलेने चिरडले असा माझा समज होता. पंपापाशी पोचतो न पोचतो तोच मागून गड्याने आरोळी दिली. पाचटाने पेट घेतला होता.

नशीब चांगले की वारा पडलेला होता आणि पंप चालू होता. चार गड्यांनी ओली पोती आणि पळसाच्या डहाळ्या घेऊन आग झोडपली. दोनेक गुंठ्यांतले पाचट आणि त्याखालचे कोवळे कोंब गेले. शेजारच्या वावरात तोडणीला आलेला ऊस उभा होता. वारा असता तर काय झाले असते, हे आपणांस सांगायला नको. जळालेला ऊस तातडीने तोडून गाळावा लागतो, उशीर झाला की वजन आणि साखर दोन्ही घटतात, आणि पट्टीतली कपात वेगळीच.

ते वयस्कर सभासद माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी गडव्यातून पाणी दिले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, पाचट जाळू नका म्हणून तुम्हीच तर सांगता ना जी."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कृषी पदविकेला होतो तेव्हा वसतिगृहात सतराव्या वर्षी पहिली बिडी ओढली होती. तेव्हापासून सव्वीस वर्षे दिवसाला एक बंडल, म्हणजे पंचवीस बिड्या. सोडण्याचा प्रयत्न दोनदा केला होता आणि दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी मोडला होता. या वेळी मोडला नाही. का मोडला नाही, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

आपल्याच रानातले पान

बिडीचे पान आपल्याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातले. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागला की घरची सारी माणसे पहाटे रानात जातात, सत्तर पानांचे पुडके बांधतात, आणि अशी हजार पुडकी झाली की एक गोणी धरतात. त्या पैशावर कित्येक घरांचा खरिपाचा खर्च निघतो. त्या कष्टाला मी नावे ठेवीत नाही. पान तोडणे वेगळे आणि ते पेटवून छातीत ओढणे वेगळे.

बिडी छोटी, तिच्यात तंबाखू थोडी, शिवाय पान नैसर्गिक, म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य असा आपल्याकडे समज आहे. तो खोटा आहे. तेंदूचे पान कागदासारखे सहज जळत नाही, त्यामुळे बिडी विझू नये म्हणून वरचेवर आणि जोरात झुरके घ्यावे लागतात. सिगारेटीला लागतात त्याहून अधिक झुरके बिडीला लागतात. धूर खोलवर जातो, आणि कर्करोग, हृदयविकार, दमा यांचा धोका तसाच राहतो.

शेतकऱ्याला पटेल असे आणखी एक सांगतो. उसावर किंवा भाजीपाल्यावर मावा पडला तर तंबाखूचा काढा फवारावा, हा जुना उपाय आपल्यापैकी पुष्कळांनी केलेला आहे. त्या काढ्याने मावा मरतो तो निकोटिनमुळे. निकोटिन सल्फेट नावाचे कीटकनाशकही पूर्वी मिळत असे. आपल्या देशात त्याच्या वापराला आता बंदी आहे. किडीवर फवारायलाही नको म्हणून जे बंद केले, ते मी दिवसातून पंचवीस वेळा छातीत भरत होतो.

तिसरा दिवस का मोडतो?

मी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे गेलो आणि सरळ विचारले, "मी दोनदा सोडली, दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी पुन्हा ओढली. माझ्यात काय कमी आहे?" डॉक्टर म्हणाले, "तुमच्यात काही कमी नाही. तिसरा दिवस म्हणजे काय, हे तुम्हाला कुणी सांगितले नाही, एवढेच."

मग त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचते. वर्षानुवर्षे ओढल्याने मेंदूला त्याची सवय लागते. ते मिळाले नाही की काही तासांतच मेंदू कुरकुर सुरू करतो. शरीरातले निकोटिन साधारण दोन-तीन दिवसांत निघून जाते, म्हणून त्रासही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो. त्यानंतर तो कमी होत जातो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरतो.

माझी चूक मला तेव्हा कळली. तिसऱ्या दिवशी जीव कासावीस झाला की मला वाटायचे, आजच एवढे होते तर पुढे काय होईल? हे जन्मभर सोसायचे तर कशाला सोडा? आणि मी माचिस शोधू लागायचो. खरे म्हणजे तो चढाचा शेवट होता. माणिकगडाचा डोंगर चढताना दम लागतो तो माथ्याजवळ. तिथूनच मागे फिरलो तर चढण्याचे कष्ट होतात आणि पलीकडचा उतार काही मिळत नाही. मी दोन्ही वेळा माथ्यावरून मागे फिरलो होतो.

माझे पहिले तीन दिवस

मी रविवार ठरवला. आदल्या रात्री घरातली बंडले, माचिस, खिशातली थोटके सारे गोळा करून चुलीत टाकले. घरच्यांना, गट कार्यालयातल्या मंडळींना आणि चिटबॉयला सांगून ठेवले की मागितली तरी देऊ नका. बायको म्हणाली, "ही कितवी खेप?" मी म्हटले, "तिसरी. आणि चार दिवस मी चिडचिड करीन, ते मनावर घेऊ नको." हे आधी सांगून ठेवल्याचा फार उपयोग झाला.

पहिला दिवस उत्साहात गेला. सकाळची अडचण तेवढी खरी होती. आपल्यापैकी पुष्कळांना बिडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही, आणि बिडी सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होऊ शकते. मी उठल्याबरोबर दोन ग्लास कोमट पाणी घेऊ लागलो, जेवणात भाजी वाढवली आणि पायी फिरू लागलो. आठवड्याभरात गाडी रुळावर आली.

दुसऱ्या दिवशी डोके जड झाले. कामात लक्ष लागेना. लागणीच्या नोंदवहीत एकाच सभासदाचे क्षेत्र दोनदा लिहिले. भूक मात्र खूप लागली. रात्री झोप तुटक आली.

तिसऱ्या दिवशी काट्यावर गाड्यांची रांग लागली होती. एका मुकादमाशी मी उगाचच वाद घातला. हात आपोआप खिशाकडे जात होता. दुपारी चार वाजता तर असे वाटले की आता ओढली नाही तर वेड लागेल. मी घड्याळाकडे पाहिले, डॉक्टरांचे शब्द आठवले आणि मनाशी म्हटले, हा माथा आहे. गोडाऊनमागे जाऊन बादलीभर पाणी काढले, तोंड धुतले, एक तांब्या पाणी प्यालो आणि उसाचे एक कांडे सोलून चघळत बसलो. पुन्हा घड्याळ पाहिले तेव्हा बारा मिनिटे झाली होती आणि तलफ गेली होती. मी मुकादमाची माफी मागायला गेलो. तो हसून म्हणाला, "साहेब, आमाले माहीत होतं, चिटबॉयनं सांगून ठेवलं व्हतं."

चौथ्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा त्रास होता, पण कालच्याइतका नव्हता. एवढा फरक पुरेसा होता.

तलफ आली की काय करावे

तलफ दिवसभर सलग राहत नाही. ती येते, चढते आणि पाच-दहा मिनिटांत उतरते. म्हणजे जन्मभर सोसायचे नसून दर वेळी दहा मिनिटे काढायची आहेत. त्यासाठी मला उपयोगी पडलेल्या गोष्टी अशा:

१. घड्याळ पाहा आणि दहा मिनिटे थांबा. "कधीच ओढणार नाही" असे म्हणण्यापेक्षा "दहा मिनिटांनी पाहू" असे म्हणा. तेवढ्यात तलफ उतरते.

२. सावकाश एक पेलाभर पाणी प्या. दहा खोल श्वास घ्या आणि हळूहळू सोडा.

३. तोंडाला आणि हाताला काम द्या. फुटाणे, शेंगदाणे, बडीशेप, ओवा, लवंग खिशात ठेवा. हंगामात उसाचे कांडे आहेच. मात्र मधुमेह असणाऱ्यांनी ते टाळावे.

४. जागा बदला. पानठेल्यावर, जिथे चार जण ओढत बसले आहेत तिथे, पहिले पंधरा दिवस जाऊ नका. दारू आणि बिडी यांची तर जोडी आहे. दारूच्या बैठकीत पुष्कळांचा निश्चय मोडतो.

५. सुट्टी घ्या, पण बिडीशिवाय. आपल्याकडे मजुरांच्या विसाव्याला नावच "बिडी-पाण्याची सुट्टी" असे पडले आहे. बिडी सोडणारा माणूस या सुट्टीत एकटा पडतो, किंवा सुट्टीच घेत नाही आणि थकतो. वावराच्या मालकांना विनंती की अशा गड्यालाही तितकाच वेळ सावलीत बसू द्या. पाणी द्या, जमल्यास गूळ-शेंगदाणे द्या.

बिडीच्या जागी खर्रा नको

हा मुद्दा आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. बिडी सोडलेला माणूस पाचव्या-सहाव्या दिवशी पानठेल्यावर जातो आणि म्हणतो, "धूर बंद केला, आता थोडासा खर्रा घेतला तर काय होते जी?" पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला तो खर्रा हळूहळू बिडीची जागा घेतो. निकोटिन तेच, वाट फक्त बदलते. फुप्फुसाऐवजी गाल, जीभ आणि हिरड्या धोक्यात येतात. सुपारी स्वतःच कर्करोगाला कारण होते, हे शास्त्रज्ञांनी मान्य केलेले आहे. सुपारीने तोंडाची आतली कातडी आखडते आणि पुढे पुढे तोंड उघडेनासे होते. ज्याच्या तोंडात आपली तीन बोटे उभी जात नाहीत, त्याने डॉक्टरांना तोंड दाखवावे.

सन २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शेकडा ३.८ होते, तर खाण्या-चघळण्याची किंवा घासण्याची तंबाखू वापरणारे शेकडा २४.४. म्हणजे आपल्या राज्याचे मुख्य व्यसन धुराचे नाही. सन २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण सवय राहिली आणि ठेल्यावरचा खर्रा आहेच. घरातल्या बाया नस किंवा गुडाखू घासतात, तीही तंबाखूच. गरोदर बाईला आणि पोटातल्या बाळाला तिचा अपाय होतो. तेव्हा भगिनींनीही हा लेख "पुरुषांचा" म्हणून बाजूला ठेवू नये.

आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तिथे २०१६ पासून दारू आणि तंबाखू या दोन्हींचा वापर कमी करण्यासाठी "मुक्तिपथ" हे अभियान चालू झाले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची "सर्च" संस्था, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ते सुरू केले. त्यातून मी एक गोष्ट घेतली. तिथे एकेका माणसाला उपदेश करण्यावर भागवले नाही, तर गावागावांत संघटना उभी करण्यावर भर दिला. आजूबाजूचे लोक सोबत असले की सोडणाऱ्याला बळ येते. आपल्या तोडणीच्या टोळ्यांत, पाणीवापराच्या गटांत, भजनी मंडळांत दोघा-तिघांनी मिळून एकाच दिवशी सोडली तर तिसरा दिवस सोपा जाईल.

अकराव्या दिवशी घसरलो

मी मोठा निग्रही माणूस आहे असा कुणाचा समज होऊ नये, म्हणून हेही सांगतो. अकराव्या रात्री थंडी कडाक्याची होती. गव्हाणीत बिघाड होऊन गाड्या खोळंबल्या होत्या. एका ट्रॅक्टरवाल्याने शेकोटीजवळ बिडी पुढे केली आणि मी ती घेतली. दोन झुरक्यांतच घेरी आल्यासारखे झाले, पण ती संपवली. घरी येताना वाटले, झाले, हेही गेले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितले. ते म्हणाले, "एक सरी करपली म्हणून कोणी सगळे वावर सोडून देतो का? दहा दिवस तुम्ही ओढली नाही, ते दहा दिवस काही वाया गेले नाहीत. आता दुसरी ओढू नका, आणि कुठे घसरलो ते लिहून ठेवा." मी लिहिले : रात्र, थंडी, शेकोटी, रिकामा वेळ. त्यानंतर रात्रीच्या पाळीला खिशात फुटाणे आणि थर्मासमध्ये चहा नेऊ लागलो. ती माझी शेवटची बिडी. पुष्कळ लोकांना एकापेक्षा जास्त वेळा प्रयत्न करावा लागतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

शरीराचा आणि पैशाचा हिशेब

शेवटच्या बिडीनंतर वीस मिनिटांत नाडी आणि रक्तदाब उतरू लागतो. साधारण बारा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू नेहमीच्या पातळीवर येतो. पुढल्या दोन ते बारा आठवड्यांत रक्ताभिसरण आणि फुप्फुसांचे काम सुधारते. काहींना सुरुवातीला खोकला वाढल्यासारखा वाटतो. तो लांबला किंवा रक्त पडले तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. वर्षभरानंतर हृदयविकाराचा वाढीव धोका सुमारे निम्म्याने कमी झालेला असतो.

पैशाचे पाहू. आपापल्या गावातला भाव आपण धरावा. उदाहरणासाठी बिडीवर किंवा खर्ऱ्यावर रोजचे २५ रुपये धरले तर वर्षाचे ९,१२५ रुपये होतात. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना येते. म्हणजे वर्षाला ३४ गोण्या युरिया आपण फुंकून टाकतो. दिवसाला तीन-चार खर्रे खाणाऱ्याने आपला हिशेब स्वतःच मांडावा.

मदत कुठे मिळेल?

ज्याला एकट्याने जमत नाही त्याने मदत घ्यावी. केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात समुपदेशनाची सोय असते, तिथे चौकशी करावी. औषधाच्या दुकानात निकोटिनची चघळायची गोळी मिळते. ती खर्ऱ्यासारखी सतत चावायची नसते. थोडी चावावी, तोंडात चुरचुर झाली की गालाजवळ दाबून ठेवावी, चुरचुर गेली की पुन्हा चावावी. हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गरोदर भगिनींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. तलफ कमी करणारी इतर औषधेही आहेत, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावीत.

शेवटी

ज्यांच्या वावरात माझ्या हातून पाचट पेटले, ते सभासदही जुने बिडीवाले. मागल्या महिन्यात त्यांच्या धुऱ्यावर पुन्हा उभा होतो. ते म्हणाले, "साहेब, बिडी सोडली म्हणता, मग दिवसभर करता काय जी?" मी हसलो आणि वर जे लिहिले आहे ते सारे त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, काही बोलले नाहीत. मागच्या आठवड्यात त्यांचा निरोप आला, "रविवारपासून बंद करतो. ते तिसऱ्या दिवसाचं कागदावर लिहून द्या, पोराकडून वाचून घेतो."

त्यांच्यासाठी लिहायला बसलो आणि वाटले, सर्वांनाच द्यावे. हा मजकूर लिहून होतो आहे तेव्हा त्यांचा चौथा दिवस आहे. काल सायंकाळी मी मुद्दाम त्यांच्या घरी जाऊन आलो. फार चिडले होते. सुनेवर, बैलावर आणि थोडेसे माझ्यावरही. पण बिडी ओढली नव्हती.

आपल्यापैकी कुणी सोडणार असेल तर दिवस ठरवून मला कळवावे. लागणीची नोंद घ्यायला मी गटात फिरतोच. तिसऱ्या दिवशी आपल्या वावरात चक्कर टाकीन, आणि येताना खिशात फुटाणे असतील.

आपला,
ऊस विकास अधिकारी